ध्रुवाची हजेरी

आमच्या आतोबांनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीवर पहिल्या भेटीत विश्वास ठेवला नाही. यात माणसं आली, घड्याळं आली, दूध आलं, डॉक्टर आले, हवामानाचा अंदाज आला आणि वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी थेट ध्रुव तारा आला. ज्याच्या अढळपणाची साक्ष काढून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केले, त्या ध्रुवाकडे आतोबांनी झाशीतल्या नगरा भागातल्या आपल्या घराच्या छतावरून डोळे बारीक करून पाहिलं आणि ते म्हणाले, "याची काहीतरी गडबड दिसतेय."

आतोबा म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी दुकानदारांची वजनं आणि काटे तपासण्यात घालवली. गरौठ्याच्या बाजारात ते जीपमधून उतरले की "इन्स्पेक्टर बाबू आ गए" अशी कुजबुज या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि निम्म्या दुकानांतल्या तराजूंना अचानक विश्रांती मिळायची. बुडाशी पोखरलेलं वजन, पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, दांडीला दिलेला केसाएवढा बाक, हे सगळं त्यांना लांबून दिसायचं. पण दुकानदारांवर त्यांचा राग नव्हता. "माणूस वाईट नसतो गं," ते मला सांगायचे, "पण वजन तपासलं नाही की झिजतं. आपोआप झिजतं. त्याला स्वतःलाही कळत नाही." हा नियम त्यांनी वजनांपुरता ठेवला असता तर घरात पुष्कळ शांतता नांदली असती.

आत्याला बघायला आले तेव्हाची गोष्ट आत्या स्वतःच सांगते. रीतसर कांदेपोहे झाले, सगळ्यांना मुलगी पसंत पडली, आणि हे काही न बोलता निघून गेले. चार दिवसांनी भर दुपारी, न कळवता, एकटेच दारात हजर. "तपासणी कळवून करायची नसते," असं त्यांनी माझ्या आजोबांना शांतपणे सांगितलं. त्या वेळी आत्या छतावर केसांना तेल चोपडून, पदर खोचून, मुगवड्या पळवणाऱ्या माकडाशी हातात काठी घेऊन हिंदीत भांडत होती. आतोबा जिन्याच्या तोंडाशी उभे राहून ते भांडण शेवटपर्यंत बघत राहिले आणि खाली येऊन म्हणाले, "ठीक आहे." आत्या अजून म्हणते, "मला पसंत नाही केलं यांनी, पास केलं."

घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे, परत यायचे आणि पुन्हा ओढायचे. ताप मोजायला घरात दोन थर्मामीटर होते, कारण एकट्या थर्मामीटरवर भरवसा काय ठेवायचा? दोघांचे आकडे जुळले नाहीत की आजारी माणसाला बाजूला ठेवून आधी थर्मामीटरांची चौकशी चालायची. पावसाळ्याच्या आधी छत्री उघडून ते न्हाणीघरात नळाखाली उभे राहत. मिठाईवाल्याला ते आधी रिकामा डबा तोलायला लावत, आणि तो बिचारा त्यांना बघताच न सांगता डबा काट्यावर ठेवून "लीजिए बाबूजी" म्हणत असे. फोनवरून लोकांना गंडवण्याचे प्रकार वाढले तेव्हा तर आतोबांना जणू नव्याने नोकरी लागली. नागपूरहून त्यांच्या मुलीचा, म्हणजे माझ्या आतेबहिणीचा फोन आला की आधी उलटतपासणी.

"तू खरंच माझी मुलगी असशील तर सांग, लहानपणी तुला माकडानं कुठे ओरबाडलं होतं?"

"बाबा, हाताला."

"कुठल्या?"

"डाव्या."

"मनगटाच्या वर की खाली?"

"बाबा, मला नाही आठवत हो!"

फोन बंद. मग आत्या स्वयंपाकघरातून आपल्या फोनवरून तिला हळूच लावायची आणि दोघी मायलेकी चोरून बोलल्यासारख्या बोलायच्या.

या माणसाची नजर आकाशाकडे वळली त्याला कारण मी. मी सिविल लाइंसमधल्या एका शाळेत भूगोल शिकवते. त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन त्यांच्याकडे गेले होते. वीज गेली, तसे आम्ही सगळे छतावर आलो. झाशीच्या उन्हाळ्यात वीज गेलेल्या घरात बसणं म्हणजे भट्टीत बसणं. टॉर्चच्या उजेडात मी पेपर तपासत होते आणि आतोबा माझ्या खांद्यावरून वाचत होते, कारण मी मार्क बरोबर देते की नाही याचीही त्यांना शंका होतीच. एका मुलीनं लिहिलं होतं, 'ध्रुव तारा कभी अपना स्थान नहीं छोड़ता.' मी बरोबरची खूण केली.

"थांब," आतोबा म्हणाले. "हे तू पाहिलंस?"

"काय?"

"तो जागा सोडत नाही ते."

"आतोबा, पुस्तकात आहे."

"पुस्तकात काय आहे ते नाही विचारलं. तू पाहिलंस?"

मी नव्हतं पाहिलं. वीस वर्षं शिकवत होते, फळ्यावर खडूनं ध्रुव काढून त्याच्याभोवती बाकीचे तारे गोल गोल फिरवत होते. पण एखाद्या संध्याकाळी बघून पुन्हा पहाटे उठून तो तिथेच आहे का, हे कधी पाहिलं नव्हतं. मी तसं कबूल केलं. आतोबा वर मान करून बराच वेळ उत्तरेकडे बघत राहिले आणि मग ते गडबडीचं वाक्य बोलले. "सगळे म्हणतात हा एकटाच हलत नाही," ते पुढे म्हणाले. "म्हणजे याला कोणी तपासलंच नसणार."

त्यानंतर काही महिने त्यांनी विषय काढला नाही, आणि आम्हीही तो विसरून गेलो याचं मला आज नवल वाटतं. आतोबा गप्प आहेत याचा अर्थ चौकशी सुरू आहे, हे आम्हाला कळायला हवं होतं. दसऱ्यानंतर आत्याचा फोन आला. आवाज दबका. "बेटा, जरा ये गं. यांचं काय चाललंय मला समजत नाही. छतावर लोखंडी नळ रोवलाय. पहाटे उठतात, वर जातात, खाली येऊन काहीतरी लिहितात आणि वही कुलपात ठेवतात."

मी गेले. छताच्या कठड्यावर सिमेंटमध्ये पक्की बसवलेली एक जस्ती नळी होती, उभी धरली तर माझ्या खांद्याला लागेल एवढी लांब आणि इतकी अरुंद की करंगळीही आत जाऊ नये. तिचं वरचं तोंड उत्तरेकडे, मागच्या घरावरून आकाशात. आतोबा पेन्शनच्या कामाला बाहेर गेले होते. आत्याला वहीच्या कपाटाची किल्ली कुठे असते ते ठाऊक होतं. संसार इतका जुना झाला की शंकेखोर माणसाचीही किल्ली सापडते. आम्ही दोघींनी चोरासारखी वही उघडली. पानामागून पान एकच मजकूर: 'सायं. ७, हजर. पहाटे ५॥, गैरहजर. सायं. ७, हजर. पहाटे ५॥, गैरहजर.' मध्येच एका ठिकाणी लाल शाईत, 'सातही जण संध्याकाळी बेपत्ता. शर्मिष्ठा ड्यूटीवर.'

"ही शर्मिष्ठा कोण?" आत्यानं विचारलं.

शर्मिष्ठा हा तारकापुंज आहे, आणि बेपत्ता असलेले सात जण म्हणजे सप्तर्षी, हे मी तिला सांगितलं. तिची एक शंका मिटली, पण माझी सुरू झाली. सप्तर्षींचं ठीक होतं. झाशीहून ध्रुव फारसा उंच दिसत नाही, त्यामुळे त्याच्याभोवती फिरता फिरता सप्तर्षी क्षितिजाखाली बुडतात आणि दिवाळीच्या सुमाराला संध्याकाळी दिसत नाहीत. कधीच न मावळणारे तारे इथे थोडेच, ध्रुवाच्या अगदी जवळचे; जितकं उत्तरेला जावं तितके ते वाढतात. पण पहाटे रोज गैरहजर राहणारा तो एक जण कोण?

दिवाळीत आतेबहीण आली होती. भाऊबीजेचं जेवण चाललेलं, ताटात श्रीखंड, सगळे खुशीत. आतोबांनी पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला आणि जाहीर केलं, "ध्रुव हलतो."

आतेबहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. आत्या वाढता वाढता थांबली.

"कुठला ध्रुव?" तिनं विचारलं. "आपल्या लग्नात दाखवला होतात, तो?"

"तोच. दुसरा कुठला?"

आत्यानं हातातलं भांडं खाली ठेवलं, म्हणाली, "बरं," आणि आत गेली. त्या दिवसापासून ती छताच्या जिन्याला पाय लावीना. वाळत घातलेले कपडे काढायलाही नाही.

खरा घोळ पुढे झाला. आतेबहीण नागपूरला परत गेली ती मनात भीती घेऊनच. तिच्या सासऱ्यांना स्मृतिभ्रंश झाला होता आणि त्याची सुरुवात अशीच झाली होती: घरच्यांवर संशय, कुलपं, लपवलेल्या वह्या. ती मला फोन करून एकेक विचारू लागली. बाबा नावं विसरतात का? रस्ता चुकतात का? मी म्हटलं, नाही. पण वडील रोज पहाटे नळीतून बघतात आणि ध्रुव गैरहजर असल्याचं लिहितात, हे ऐकल्यावर कुठली मुलगी स्वस्थ बसेल? "त्यांना आणि आईला मी संक्रांतीनंतर इकडेच आणते," ती म्हणाली. "इथे डॉक्टरला दाखवू. तुला काय वाटतं? खरं सांग."

आणि मी, त्यांच्याच छतावर अर्धं बालपण काढलेली मी, म्हणाले, "मलाही थोडं तसंच वाटतंय."

हे बोलल्यावर मी आतोबांवर पाळत ठेवू लागले. शाळा सुटली की स्कूटी नगऱ्याकडे वळवायची. त्यांना उगाच जुन्या तारखा विचारायच्या, भाजी आणायला पाठवून परत येईपर्यंत घड्याळ बघायचं. ते काही विसरत नव्हते. भाजीवाल्यानं काट्यावरून पिशवी किती घाईनं उचलली इथपर्यंत सगळं आठवत होतं. पण मन एकदा शंकेला बसलं की त्याला प्रत्येक गोष्टीत पुरावा सापडतो. ते एखाद दिवशी जास्त बोलले तरी मला ते लक्षण वाटे आणि गप्प बसले तरी वाटे.

अशाच एका डिसेंबरच्या संध्याकाळी दारावर थाप पडली. आतोबांनी साखळी न काढता फटीतून विचारलं, "कोण?"

"मागच्या घरातला भाडेकरू, काका. सुभेदार."

"मराठी कसं काय बोलता?"

"साताऱ्याकडचा आहे. पोस्टिंग बबिन्याच्या छावणीत."

"साताऱ्याकडे कुठले?"

"वाईचा."

"वाईला नदी कुठली?"

"कृष्णा," सुभेदार म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज चढला, "आवो काका, भूगोलाचा पेपर द्यायला न्हाई आलो मी! दार उघडा."

दार उघडलं. पंचेचाळिशीचा, ताठ, दाट मिशांचा गृहस्थ होता. रागावला होता, पण राग इस्त्री करून आणल्यासारखा नीटनेटका होता. "तुमच्या गच्चीवरनं एक नळी आमच्या गच्चीकडं रोखलीय," तो म्हणाला. "आमच्या घरची मंडळी वर जातात, वाळवण घालतात. रोज सांजचं तुम्ही त्या नळीला डोळा लावून बसता असं त्या म्हणतात. मला त्याचं कारण पाहिजे."

जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतलेल्या माणसावर आजवर कोणी संशय घेतलाच नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आतोबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मला वाटलं आता भांडण. पण ते हळू आवाजात म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. तपासून घ्या." आणि टॉर्च घेऊन पुढे झाले. मीही मागोमाग गेले.

सुभेदार तोफखान्यातले निघाले. नळीला हात न लावता ते तिच्या मागे गुडघ्यांवर बसले, एक डोळा मिटला, हात लांब करून क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत वर मोजत गेले. "दोन मुठी आणि अर्धी. मुठीला धा, म्हंजे पंचवीस अंश," ते म्हणाले. आवाजातला राग निम्मा उतरला होता. "आमच्या गच्चीच्या कितीतरी वरनं जाते ही."

"पंचवीस म्हणजे झाशीचा अक्षांश!" माझ्या तोंडून निघून गेलं. जितका अक्षांश तितकी ध्रुवाची उंची, हे मी दरवर्षी मुलींकडून पाठ करून घेत होते. ते असं मुठींनी मोजता येतं हे त्या दिवशी कळलं.

सुभेदारांनी नळीत डोळा घातला. "एकच तारा दिसतोय. मधोमध."

"ध्रुव आहे. पहाटे तिथे नसतो."

"नसतो म्हंजे? काका, आम्हाला शिकवलंय, वाट चुकली तर ह्याच्याकडं बघून उत्तर धरा."

"धरा की. उत्तरेलाच असतो तो. पण जागेवर नसतो."

सुभेदार उभे राहिले. त्यांनी आतोबांकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी त्यांना खुणावत होते की जाऊ द्या, म्हातारा माणूस आहे. आतोबांनी ती खूण बघितली. त्यांनी टॉर्च एकदम विझवला. त्या अंधाराची मला आजही लाज वाटते.

"रात्रीतून कोणी नळी हलवत असंल," सुभेदार म्हणाले.

आतोबा इतक्या वेगाने वळले की मी दचकले. "काय म्हणालात?"

"नळी हलवत असंल कोणी. माकड असंल. न्हाईतर तुम्हीच असाल."

"अहो, मग पंचनामा करू!" आतोबा जवळजवळ ओरडले. निवृत्त झाल्यापासून इतकं आनंदी झालेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं.

आणि पंचनामा झाला. नळीच्या दोन्ही बाजूंना सुतळी आवळून तिच्या गाठींवर लाख ओतली. खात्याची मोहोर निवृत्तीच्या वेळी परत गेली होती, म्हणून आतोबांनी गरम लाखेवर स्वतःचा अंगठा दाबला, "आई गं" म्हणून ओरडले, पण ठसा स्वच्छ उमटला. 'हम निम्न हस्ताक्षरकर्ता' अशी सुरुवात करून त्यांनी सरकारी हिंदीत पानभर मजकूर लिहिला, त्यावर सुभेदारांची आणि माझी सही घेतली आणि आपली सही करताना आम्ही दोघं बघतोय ना, याची खात्री करून घेतली. जिन्याच्या दाराला सुभेदारांनी आणलेलं कुलूप लावलं आणि किल्ली सुभेदार घेऊन गेले. मी त्या रात्री तिथेच राहिले.

पहाटे साडेपाचला आम्ही तिघं वर चढलो. डिसेंबरची झाशी, कठड्यावर हात ठेवला तर चटका बसावा असा गारठा. सुभेदार लष्करी कोटात आणि माकडटोपीत, आतोबा दुलईसकट. आकाश मात्र पूर्ण बदललं होतं. संध्याकाळी उंचावर असलेली शर्मिष्ठा नाहीशी झाली होती आणि बेपत्ता सप्तर्षी उत्तरेला चांगले वर चढून आले होते. ध्रुवाजवळचे दोन ठळक तारे, जे इथून कधी मावळत नाहीत, संध्याकाळी त्याच्या खाली डावीकडे होते, ते आता वर उजवीकडे आले होते. झोपेत कोणीतरी सगळं छप्पर फिरवून ठेवावं तसं. फक्त ध्रुव नुसत्या डोळ्यांना होता तिथेच दिसत होता. सुभेदारांनी टॉर्च मारून दोन्ही गाठी तपासल्या. ठसे शाबूत. मग ते नळीपाशी बसले आणि बराच वेळ उठेनात.

"काय?" मी विचारलं.

"कोणी नाही आत," ते म्हणाले.

मी बघितलं. गोल काळोख, आणि त्यात काहीही नाही. डोकं जरा वर सरकवून तिरकं पाहिलं तेव्हा नळीच्या कडेला खाली डावीकडे उजेडाचा नुसता एक भास झाला.

"थंडीनं नळी आखडली असंल," सुभेदार म्हणाले.

आतोबांनी त्यांच्याकडे ज्या मायेनं पाहिलं तशी माया त्यांनी आपल्या जावयालाही कधी दाखवली नव्हती. "सुभेदारजी," ते म्हणाले, "हाच प्रश्न! इतक्या दिवसांत मला कोणी एक बरोबरचा प्रश्न विचारला नाही. थंडी नव्हती तेव्हाही तो पहाटे गैरहजरच होता, वहीत आहे; आणि नळी कायमची आखडली असेल तर संध्याकाळीही तो दिसणार नाही. संध्याकाळी या."

संध्याकाळी तो नळीत होता. मधोमध. पुढच्या पहाटे नव्हता, त्यानंतरच्या संध्याकाळी पुन्हा होता. तिसऱ्या पहाटे सुभेदारांच्या घरची मंडळीही शाल गुंडाळून आल्या, त्यांनीही बघितलं आणि "बया!" एवढंच म्हणाल्या. सुभेदारांनी बोटानं हवेत एक लहानसं वर्तुळ काढलं. "म्हंजे हाही फिरतोय. लहान गोल आहे, एवढंच. मग काका, मधोमध कोण आहे?"

"कोणीच नाही," आतोबा म्हणाले. "मोकळी जागा आहे. सगळे तिच्याभोवती फिरतात. हा जवळ आहे म्हणून याला मान."

त्या दिवशी मी शाळेच्या वाचनालयात बसून जाडी पुस्तकं काढली आणि लाजेनं वाचत गेले. आतोबा बरोबर होते. ध्रुव तारा आकाशाच्या फिरण्याच्या नेमक्या मध्यावर नाही, थोडा बाजूला आहे, आणि रोज त्या मध्याभोवती छोटीशी फेरी मारतो. जगाला हे कधीचं माहीत होतं. मी आतोबांना ते सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा जरा पडला, मग लगेच सावरून त्यांनी विचारलं, "त्यांनी पंचनामा केला होता का?"

आतेबहिणीला मी सगळं फोनवर सांगितलं. तिला खरं वाटेना, तेव्हा सुभेदारांनी माझ्या हातातून फोन घेतला. "ताई, मी सरकारी माणूस आहे," ते म्हणाले. "काकांचं डोकं शाबूत आहे. आमच्यापेक्षा जास्तच आहे." पलीकडे ती आधी हसली आणि मग रडली, असं मला वाटलं. संक्रांतीनंतरचा बेत तिनं मोडला.

राहिला माझा हिशोब. दुसऱ्या दिवशी मी आतोबांना एकट्याला गाठलं आणि सांगून टाकलं, की तुम्हाला नागपूरला न्यावं असं मलाही वाटलं होतं, मी तसं बोलले होते, तुमच्यावर लक्ष ठेवत होते, तुमची वहीही वाचली होती. ते ओसरीवर बसून थर्मामीटर झटकत होते. झटकायचे थांबले नाहीत.

"माहीत आहे," ते म्हणाले. "वहीत मी धागा ठेवला होता, तो जागेवर नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी चौकशी चालू होती ना. मध्ये बोलायचं नसतं." मग थर्मामीटर उजेडात धरून म्हणाले, "न तपासता 'आतोबा ठीक आहेत' म्हणाली असतीस, तर मला जास्त वाईट वाटलं असतं, बेटा."

सगळ्यांचं सगळं मिटलं, एक आत्या सोडून. ती बोलत होती, हसत होती, सुभेदारांना गरम गरम गुजिया, म्हणजे इकडच्या करंज्या, करून घालत होती. पण ध्रुवाचा विषय निघाला की उठून जायची. आतोबांनाही ते कळत होतं. ते रोज संध्याकाळी जिन्याच्या पहिल्या पायरीवर जरा रेंगाळायचे, स्वयंपाकघराकडे बघायचे आणि एकटेच वर जायचे. तिला "चल" म्हणायचं धाडस ध्रुवाला उघडं पाडणाऱ्या या माणसाला होत नव्हतं.

जानेवारीतली एक संध्याकाळ. मी वर त्यांच्याजवळ होते. धुकं इतकं दाट उतरलं होतं की मागच्या घरातला दिवाही नुसता पिवळा डाग दिसत होता. आकाश नव्हतंच. आतोबांनी वहीत 'धुके, काही दिसत नाही' असं लिहून वही मिटली होती आणि आम्ही खाली निघणार, तेवढ्यात जिन्यात बांगड्या वाजल्या. आत्या वर आली. डोक्यावरून शाल, एका हातानं भिंत धरलेली.

"दाखवा बघू काय ते," ती म्हणाली.

आतोबा गडबडले. आज दिसणार नाही म्हणून सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. तिचा हात धरून त्यांनी तिला नळीपाशी नेलं, खाली पाट सरकवला. ती बसली, एक डोळा मिटायचा प्रयत्न केला, तो काही मिटेना, म्हणून त्यावर तळहात ठेवला. बराच वेळ ती बघत होती. धुक्याचे थेंब नळीवरून तिच्या बोटांवर ओघळत होते.

"लग्नात मला दिसलाच नव्हता," ती नळीतून डोळा न काढता म्हणाली. "तुम्ही बोट दाखवलं, भटजींनी विचारलं, सगळी माणसं भोवती उभी. मी हो म्हटलं. एवढ्या ताऱ्यांतला कुठला ते मला काय ठाऊक."

आतोबांनी नळीवरचे थेंब तळहातानं पुसले.

"तुम्ही तपासलं नाहीत," ती म्हणाली.

"नाही," आतोबा म्हणाले. "तेवढं राहिलं."

मी कठड्याशी सरकले, पण जाणार तरी कुठे? खाली मोहल्ल्यात कोणीतरी शेकोटी पेटवली होती, तिचा धूर धुक्यात मिसळत होता.

"आता दिसला का?" आतोबांनी विचारलं.

"दिसला," आत्या म्हणाली. "आपल्या जागेवरच तर आहे की."

आकाशाचा कुठे पत्ता नव्हता, आणि जन्मभर माणसांच्या उत्तरांना उलट प्रश्न विचारत आलेले आतोबा तिच्या शेजारी उभे होते. त्यांनी धुक्याकडे पाहिलं. मग वाकून तिची घसरलेली शाल खांद्यावर नीट केली.

"असेल," ते म्हणाले.